दिव्याची पेटी आणि अर्धा चहा

रेडिओला गाणी म्हणता आलीच पाहिजेत असा नियम कुठंही नाही, हे मला आमच्या गावच्या पोस्टमास्तरांनी समजावून सांगितलं. मी त्यांच्या टेबलावर पेटी ठेवून उभा होतो. पेटीला काचेची खिडकी होती, बाजूला एक मूठ होती, तीन बटनं, एक हिरवा दिवा, एक लाल दिवा आणि पोटात कुठंतरी सायकलच्या घंटीसारखी घंटा होती. चिखलीच्या एसटीच्या टपावरून ती खाली उतरताना नाक्यावरच्या कारकुनानं पाहिली आणि "रेडिओ हाये, लायसन दाखवा," म्हणून मला पेटीसकट लायसन काढायला पोस्टात धाडलं.

"अहो, यातून आवाज येत नाही," मी म्हणालो.

"मंग बिघडलेला हाये," पोस्टमास्तर म्हणाले. "बिघडलेल्या रेडिओलेही लायसन लागते."

"पण हा रेडिओच नाही. हे मॅनेजर लोकांना शिकवायचं यंत्र आहे."

"काय शिकवते?"

"भांडण कसं मिटवावं आणि निर्णय कसा घ्यावा."

पोस्टमास्तरांनी पेटीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि लायसनचा फॉर्म पुढं सरकवला. भांडण तिथंच मिटलं. निर्णय घ्यायचं शिक्षण मला पेटी उघडण्याआधीच मिळालं होतं, पण त्याचा अर्थ तेव्हा लागला नाही.

मी सहकारी संस्थांच्या मॅनेजर-सेक्रेटऱ्यांचे वर्ग घेत असे. गावात मला सगळे मास्तर म्हणत. नवं राज्य होऊन काही वर्षं झाली होती. पूर्वी आमचे कागद नागपूरहून येत. ते इतके उशिरा येत, की पोहोचेपर्यंत त्यांतला प्रश्न आपोआप सुटलेला असे. आता कागद पुण्याहून येऊ लागले आणि ते वेळेवर येत. एखाद्या खात्याचं यापेक्षा मोठं नुकसान कोणी करू शकत नाही. अशाच एका वेळेवर आलेल्या कागदात लिहिलं होतं की, परदेशात आता शिक्षकाऐवजी यंत्र शिकवतं, ते शिकणाऱ्याशी प्रश्नोत्तरं करतं, त्याची चूक जागच्या जागी दाखवतं, आणि प्रयोग म्हणून असं एक यंत्र आपल्याकडं पाठवण्यात येत आहे. शिक्षकाऐवजी, हा शब्द मी दोनदा वाचला. माझ्या जागी येणाऱ्या माणसाला मीच एसटी स्टँडवर घ्यायला गेलो, असा हा प्रकार होता.

पेटीचं काम सोपं होतं. आत जाड कागदाची गुंडाळी. मूठ फिरवली की खिडकीत एक प्रसंग येई आणि खाली तीन पर्याय. त्यातल्या बरोबर पर्यायापाशी कागदाला भोक पाडलेलं. बटन दाबलं की आतली पितळी तार कागदावर टेकायची. भोक असलं तर आरपार जाऊन हिरवा दिवा लागायचा, नसलं तर लाल दिवा आणि घंटा. हिरवा लागेपर्यंत मूठ अडकून राहायची, म्हणजे पुढं जाता येत नसे. सगळं शहाणपण त्या भोकात होतं.

मी ती आधी घरी आणून लावली. विमलबाईंनी, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, तिला पदरानं पुसलं आणि विचारलं, "हे तुमची बदली करन का बढती?"

"प्रयोग आहे."

"म्हंजे बदली," त्या म्हणाल्या आणि पोळ्या लाटायला गेल्या.

संध्याकाळपर्यंत शेजारी जमले. रिटायर तलाठी वामनराव खुर्ची स्वतःच्या घरून घेऊन आले, कारण आमच्या खुर्चीवर त्यांचा विश्वास नव्हता. समोरच्या रुखमाबाईंना मुलासाठी वडनेर भोलजीची मुलगी करावी की रोहिणखेडची, हा पेच होता. मी सांगितलं, "बाई, खिडकीत आत्ता कॅन्टीनमधल्या पातळ चहाचा प्रश्न आहे." त्या म्हणाल्या, "असू द्या. पयलं बटन वडनेरचं." हिरवा दिवा लागला. लग्न वडनेरला झालं आणि आजही दोघांचं उत्तम चाललेलं आहे. त्या पेटीनं घेतलेला तेवढाच एक निर्णय लाभला, आणि तो तिला विचारलेलाच नव्हता.

आता फाटकाचं सांगितलं पाहिजे, कारण पुढं जे बिघडलं ते तिथं.

गावाबाहेर जिनिंग-प्रेसिंग संस्थेचं आवार होतं. तिचे मॅनेजर हिंमतराव. त्याच आवाराला लागून विक्री संघाचं गोदाम. त्याचे मॅनेजर रज्जाकभाई. दोन्ही संस्थांना फाटक एक आणि वजनकाटाही एकच. कापसाच्या हंगामात संस्थेच्या सभासदांच्या बैलगाड्या आणि संघाच्या गाड्या त्याच फाटकात तोंडाशी तोंड लावून उभ्या राहत आणि आधी आत कोणाच्या, यावरून दरवर्षी भांडण होई. ते भांडण ऐकायला लोक कामं टाकून येत. हिंमतराव फाटकाच्या आत उभे, रज्जाकभाई बाहेर.

"काऊन बे रज्जाक, फाटक तुह्या बापाचं हाये का?"

"माह्या बापाचं असतं तर तुले आत नोकरीले ठेवलं नसतं!"

"आजपासून तुह्या तोंडाकडे पाह्यनार नाही मी!"

"पाहू नको! माहं तोंड काय काटा हाये, रोज पाह्यले?"

गाडीवान खूश होत. बैल रवंथ करत. आणि संध्याकाळी समोरच्या शालिग्रामच्या हॉटेलात दोघं एका टेबलावर बसलेले असत. ते काही मागत नसत. शालिग्राम आपणहून एकच चहा आणून मधोमध ठेवी. मग दोघांपैकी एक जण हात पुढं करून अर्धा चहा बशीत ओती आणि बशी दुसऱ्याकडं सरकवी. आमच्याकडं एवढंच करायची पद्धत होती. ज्यानं ओतला त्यानं ऐकून घेतलं, असं समजायचं. पण तसं बोलायचं नाही. दुसऱ्या दिवशी ओतणाऱ्याच्या गाड्या मागं थांबत. तिसऱ्या दिवशी बहुधा दुसरा ओती. कधी हिंमतराव, कधी रज्जाकभाई. हंगाम पार पडे. कोण बरोबर होतं, हे कोणाला माहीत नव्हतं आणि माहीत नसल्यामुळं कोणाचं अडलंही नव्हतं.

त्या टेबलाला तिसरी खुर्ची होती. ती माझी. वर्ग सुटला की मी तिथं जाऊन बसे, आणि माझ्या वाट्याला पूर्ण चहा येई, कारण माझं कोणाशी भांडण नव्हतं. नोकरीत मला जे काही मिळालं त्यात ती खुर्ची मी वरच्या नंबरला ठेवतो. पेन्शन खाली.

वर्गात पेटी सुरू झाली तेव्हा दोघंही माझे विद्यार्थी होते. पुण्याच्या गुंडाळीत लिफ्टमनचं आणि टायपिस्टचं भांडण होतं. हिंमतराव म्हणाले, "मास्तर, ह्या लिफ्टचं आमाले काय समजन? आमच्याकडे सारं काही जमिनीवरच हाये." मी तसं वर कळवलं. वेळेवर उत्तर आलं: स्थानिक उदाहरणे तयार करून गुंडाळी स्वतः बनवावी. प्रत्येक प्रश्नास एकच भोक असावे. 'दोघांनी बसून ठरवावे' असा पर्याय देऊ नये. मॅनेजरने निर्णय घेण्यास शिकावे. गुंडाळी तयार होताच साहेब स्वतः पाहण्यास येतील.

"फाटकाचं भांडन घ्या," वामनराव लगेच म्हणाले. "साऱ्यांले पाठ हाये."

मी लिहिलं: 'अ' आणि 'ब' या दोन संस्थांचे फाटक एकच आहे. वामनरावांनी ते वाचून डोकं हलवलं. "अ आन ब कोन वाचन? नावं घाला. नावं बदलून घाला." म्हणून अ-चा इंद्रभान झाला आणि ब-चा कादर. आमच्या गावात याला नाव बदलणं म्हणतात. अख्ख्या गावानं पहिल्या ओळीत दोघांना ओळखलं.

पर्याय तीन. पहिला: इंद्रभानच्या संस्थेच्या गाड्या आधी घ्याव्यात. दुसरा: कादरच्या संघाच्या गाड्या आधी घ्याव्यात. तिसरा: फाटक बंद करून वरिष्ठांना कळवावे. इथवर ठीक झालं. मग मी भोक पाडायची सुई उचलली आणि हात थांबला.

भोक कुठं पाडायचं?

विमलबाई म्हणाल्या, "जो आधी ओरडते तो चुकला." पण ते दोघं एकदम ओरडत. वामनराव म्हणाले, "तिन्हीकडे पाडा. कोनाचं मन मोडू नका." परिपत्रकात ते बसत नव्हतं. मी वर पत्र लिहून विचारलं. उत्तर आलं, 'योग्य उत्तर प्रशिक्षकाने आपल्या अधिकारात ठरवावे.' माझ्याकडं एवढा अधिकार आहे हे मला तेव्हाच कळलं. मग मी ज्यांना ठाऊक असायला हवं त्यांनाच विचारायचं ठरवलं. शालिग्रामकडं तिसऱ्या खुर्चीवर बसल्या बसल्या म्हणालो, "खरं सांगा, फाटकात आधी हक्क कोणाचा?"

दोघं एकमेकांकडं बघायला लागले. हिंमतरावांनी सुपारी तोंडात टाकली. रज्जाकभाई हसून म्हणाले, "मास्तर, ये पूछने की चीज नहीं. चहा प्या."

मी चहा प्यालो, घरी आलो, आणि पोटनियमांचं पुस्तक काढलं. काटा संस्थेच्या नावावर होता. म्हणजे कायद्यानं इंद्रभान बरोबर. पहिल्या पर्यायापाशी मी भोक पाडलं. अगदी गोल, सुबक भोक पडलं. विमलबाईसुद्धा म्हणाल्या, "हात चांगला हाये तुमचा."

साहेब आले तेव्हा हंगाम तोंडावर होता. वर्गात एवढी माणसं मावणार नव्हती, म्हणून कार्यक्रम जिनाच्या शेडमध्ये ठेवला. कापसाच्या गाठी रचून व्यासपीठ केलं, त्यावर सतरंजी, त्यावर पेटी. चिवडा आणि भाषण दोन्ही असल्यामुळं दोन्ही संस्थांचे सभासद आले, संचालक आले, आणि ज्यांच्या गाड्यांचा प्रश्न होता ते गाडीवान तर झाडून आले. पुढच्या रांगेत संघाचे अध्यक्ष शेषराव धोतराचा सोगा हातात धरून बसले होते. साहेब मोठे उमदे होते. वय कमी, आवाज स्वच्छ. त्यांनी माईकवर प्रसंग वाचून दाखवला. "इंद्रभान" म्हणताच सगळ्या शेडनं हिंमतरावांकडं पाहिलं, "कादर" म्हणताच रज्जाकभाईंकडं.

"प्रथम कोण येतंय?" साहेब म्हणाले. "या, आपण या, टोपीवाले."

हिंमतराव उठले. टोपी नीट केली. पेटीपुढं उभे राहिले, काचेत वाकून वाचलं, एकदा मागं रज्जाकभाईंकडं पाहिलं, आणि मोठ्या ऐटीत दुसरं बटन दाबलं. कादरच्या गाड्या आधी.

मला तेव्हा कळलं. ते बटन दाबत नव्हते. ते चहा ओतत होते.

लाल दिवा लागला. घंटा वाजली. पोरंटोरं हसली.

"चूक!" साहेब प्रेमानं म्हणाले. "हरकत नाही. चुकांतूनच आपण शिकतो. पुन्हा विचार करा."

हिंमतरावांनी पुन्हा विचार केला. त्यांना इंद्रभानचं बटन दाबायचं नव्हतं, हे शेवटच्या रांगेतल्या गाडीवानालाही दिसत होतं. त्यांनी तिसरं दाबलं. फाटक बंद करून वरिष्ठांना कळवावे. पुन्हा लाल. पुन्हा घंटा. गाडीवानांतून कोणीतरी ओरडलं, "हिंमतभाऊ, आपलंच बटन दाबा ना!"

"अं, मी बसतो साहेब," हिंमतराव म्हणाले. "मले नाही जमत."

"असं कसं? मूठ पुढं जाणार नाही. निर्णय घ्या, मॅनेजर!"

मी उठून साहेबांच्या कानाशी गेलो. म्हणालो, "साहेब, वीज जाण्याचा संभव आहे." पण त्या दिवशी वीज गेली नाही. रोज जायची. मी आजवर विजेला एवढाच दोष देतो.

हिंमतराव बोट पुढं करून तसेच उभे. शेवटी रज्जाकभाईच खालून म्हणाले, "दाब बे हिंमत, दाब. बत्तीच तर हाये."

हिंमतरावांनी पहिलं बटन दाबलं. हिरवा लागला. संस्थेच्या गाडीवानांनी शिट्ट्या मारल्या, टोप्या उडवल्या. हिंमतराव मान खाली घालून जागेवर येऊन बसले. जिंकलेला माणूस इतका पडेल चेहऱ्याचा मी पाहिला नव्हता.

मग रज्जाकभाईंची पाळी. ते सरळ गेले, काचेत पाहिलंही नाही, आणि पहिलं बटन दाबलं. इंद्रभानच्या गाड्या आधी. आपल्याकडून त्यांनीही ओतला.

हिरवा दिवा. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. "पाहा! पहिल्याच प्रयत्नात! स्वतःच्या संस्थेचा मोह बाजूला ठेवून! याला म्हणतात निर्णयक्षमता!" आणि बॅगेतून छापील प्रशस्तिपत्र काढून त्यावर तिथल्या तिथं रज्जाकभाईंचं नाव घातलं: तंटा-निवारणात प्रथम क्रमांक.

संघाच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. शेषराव सावकाश उठले आणि म्हणाले, "रज्जाकभाई, हे आपन हापिसात लावायचं का? म्हंजे आपलंच चुकत होतं, हे येनाराजानाराले दिसन."

रज्जाकभाईंनी कागदाची घडी घातली. "नाही शेषराव," ते म्हणाले, "हे मी घरी नेतो."

हंगाम सुरू झाला आणि फाटकावर भांडण झालंच नाही. मी मुद्दाम जाऊन उभा राहिलो. संस्थेच्या गाड्या आल्या आणि गाडीवान म्हणाले, "सरका, साहेबासमोर ठरलं हाये. तुमच्याच मॅनेजरनं बटन दाबलं." संघाच्या गाड्या सरकल्या. दुसऱ्या दिवशीही सरकल्या. हिंमतरावांनी चौथ्या-पाचव्या दिवशी संघाच्या गाड्या आधी घ्यायचा प्रयत्न केला तर त्यांच्याच संचालकांनी त्यांना आत बोलावून विचारलं, "काऊन हो, आपला हक्क असून देऊन राह्यले?" रज्जाकभाई गोदामाच्या सावलीला उभे राहून उन्हातल्या आपल्या गाड्यांकडं बघत. ओरडत नसत. कशाच्या जोरावर ओरडणार? त्यांना त्यात प्रथम क्रमांक होता.

मी हातपाय हलवले नाहीत असं नाही. कणिक कालवून पहिलं भोक बुजवलं, दुसऱ्यापाशी नवं पाडलं आणि उजळणीचा वर्ग जाहीर केला. हिंमतराव एकटेच आले. पेटीकडं बघून म्हणाले, "मास्तर, पेटी तुमचं ऐकन. फाटक आता ऐकनार नाही." शेषरावांकडं जाऊन सांगितलं की हे सगळं शिकवण्यापुरतं होतं. ते म्हणाले, "मंग शिकलो ना आमी." वामनरावांनी सल्ला दिला की पेटी बिघडलेली होती असं लिहून द्यावं. तसं मी लिहून दिलं. त्यावर वेळेवर विचारणा आली की, बिघडलेल्या यंत्राने तालुक्यातला तंटा शून्यावर कसा आणला, याचा खुलासा करावा. सोबत अभिनंदनाचं पत्र होतं, आणि पेटी गुंडाळीसकट इतर तालुक्यांत फिरवण्यासाठी परत मागवली होती.

पेटी एसटीच्या टपावर चढवून आलो आणि सवयीनं शालिग्रामच्या हॉटेलात शिरलो.

हिंमतराव दाराजवळच्या टेबलावर बसले होते. त्यांच्यापुढं कपभर चहा. रज्जाकभाई आतल्या टेबलावर, भिंतीकडं तोंड करून. त्यांच्यापुढंही कपभर चहा. दोघांच्या बशा कपाखाली कोरड्या. भांडण झालेलं नव्हतं, म्हणून मिटवायला काही नव्हतं. हिंमतरावांनी मला पाहून पाय आत घेतले, म्हणजे बसायला जागा केली. आतून रज्जाकभाईंनीही मान वळवली आणि शेजारची खुर्ची जराशी ओढली. दोघांनीही बोलावलं नाही; दोघांनीही जागा केली.

मी मधेच उभा. शालिग्राम फडक्याला हात पुसत म्हणाला, "मास्तर, कोन्या टेबलावर देऊ?"

"इथंच दे," मी म्हणालो आणि भट्टीपाशी उभा राहिलो.

त्यानं चहा दिला.  मी अर्धा बशीत ओतला, आणि बशी भट्टीपुढच्या फळीवर दोन टेबलांच्या बरोबर मधोमध सरकवून ठेवली. हिंमतरावांनी पाहिलं. रज्जाकभाईंनीही पाहिलं. शालिग्रामनं हातातलं फडकं थांबवलं.

बशीतल्या चहावर साय धरली. पेटी असती तर घंटा तरी वाजली असती. मग दोघंही आपापला पूर्ण चहा संपवून, एकमेकांना जाऊ द्यायला दारात जरा थांबले, "तू आधी," "नाही, तू आधी," असं हातानंच म्हणाले, आणि त्यात बराच वेळ गेला. शेवटी हिंमतराव आधी बाहेर पडले. तसं ठरलेलं होतं.